डावा हात मोकळा

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

थक्क झालेय मी. सूचनांची पेटी उघडली तर आत एकतीस चिठ्ठ्या! मला वाटलं होतं, फार तर चार-पाच निघतील आणि त्यातल्या दोन कॅन्टीनच्या चहाबद्दल असतील. (चहाबद्दल नऊ निघाल्या, ते सोडा.)

तीन दिवसांच्या शिबिराला जाऊन मी ‘एकत्र बसून नव्या कल्पना कशा काढायच्या’ हे शिकून आले, तेव्हा आमचे प्लँट हेड प्रदीप सर हसले होते. “दीपाली, हे काचेच्या ऑफिसातले खेळ. इथे तारापूरला आपण रंगाच्या डब्यांची झाकणं दाबतो. झाकणाला कसली आलीय कल्पना?” आता एकतीस चिठ्ठ्या बघा म्हणावं. एप्रिलपासून ऑर्डर वाढणार आहे. मालक नवीन प्रेस घेणार नाहीत आणि माणसंही वाढवणार नाहीत. म्हणजे आहेत त्या सहा प्रेसवर, आहेत त्याच माणसांकडून जास्त झाकणं काढायची. हा प्रश्न मी कामगारांपुढेच ठेवणार आहे. ट्रेनिंग ऑफिसर म्हणून दोन वर्षं नुसते हजेरीचे कागद आणि आगीच्या सरावाचे फोटो सांभाळून मला वीट आलाय.

पालघरच्या बाजारातून पितळी घंटी आणली. बैठकीचा नियम एकच: कोणाच्या कल्पनेला नाही म्हणायचं नाही. ‘पण’ म्हटलं की घंटी, आणि ज्याच्यावर घंटी वाजली त्याने गाणं म्हणायचं. शिबिरात आम्हालाही असंच गायला लावलं होतं. टीका सुरू झाली की कल्पना जागीच मरते, हे मला शंभर टक्के पटलंय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

काय बैठक झाली! अजून अंगात भरलीय.

आजचा हिरो सुका. प्रेस नंबर चार चालवतो. मासवणच्या पलीकडच्या पाड्यावरचा. पावसाळ्यात भात लावायला गावी जातो आणि कापणी झाली की परत येतो. बायको ठकी आमच्याकडेच पॅकिंगला आहे, दोघं सालवडला भाड्याच्या खोलीत राहतात. वर्षभरात या माणसाच्या तोंडून मी चार वाक्यं ऐकली नव्हती. त्याची चिठ्ठी ठकीच्या अक्षरात होती: ‘डावा हात मोकळा केला तर काम लवकर होईल.’ एवढंच. मी ते फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि त्याला उभं केलं.

“मॅडम, प्रेसला दोन हिरवी बटनं हाय,” तो फळ्याकडे बघत म्हणाला. “दोनी एकदम दाबली तरच ती खाली येते. मग आमचे दोनी हात तितंच अडकून. एक बटन सायकलच्या टूबनं बांदून टाकलं, तर उजव्यानं दाबायचं आन डाव्यानं पत्रा सरकवायचा.”

मी बघतच राहिले. एका कामाला दोन बटणं! कोणत्या शहाण्याने बनवलं असेल असलं मशीन? आणि इतकी वर्षं कोणाच्या लक्षातही येऊ नये? आम्हा ऑफिसवाल्यांना हे सुचलंच नसतं. आम्ही प्रेसपाशी जातो कुठे! मी स्वतः प्रेसभोवती आखलेल्या पिवळ्या पट्टीच्या आत दोनदा गेले असेन, तेही फोटो काढायला.

एकनाथकाका तेवढे आडवे आले. काका आमचे जुने फिटर, एडवणलाच आमच्या घरामागे राहतात. मला लहानपणी खांद्यावर घेऊन समुद्रावर न्यायचे. “पण मॅडम, ती दोन बटनं—” टण्ण! सगळे हसले. काका परत म्हणाले, “अवो, पण ऐका तरी—” परत टण्ण! दोनदा ‘पण’, म्हणजे सुटका नाही. शेवटी त्यांनी होळीचं एक गाणं म्हटलं, बेसूर, मान खाली घालून. सुपरवायझर धीरजने टेबलावर ठेका धरला. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं सगळ्यांच्या. शिबिरात सांगितल्याप्रमाणे मी प्रत्येक गोष्टीची वेळ वहीत टिपते, तशी हीसुद्धा टिपली: गाणं, तीन मिनिटं.

नंतर काका काही बोलले नाहीत. जुनी माणसं बदलाला बिचकतात, हेही शिबिरात सांगितलंच होतं.

९ फेब्रुवारी, रविवार. एडवण

आई अंगणात वाळलेले बोंबील उतरवत होती. मी ओट्यावर बसून कारणं शोधायचा तक्ता काढत होते. मधे कणा, वर-खाली तिरके काटे, टोकाला डोकं. प्रत्येक काट्यावर एकेक कारण लिहायचं. आईने वाकून पाहिलं.

“हा कंचा मासा?”

“हा कारणांचा मासा, आई.”

“नुसते काटेच हाय. मास कुटं गेला?”

मला इतकं हसू आलं की पट्टी सरकली. मग तिला घंटीची गंमत सांगितली, काकांना कसं गायला लावलं ते. मला वाटलं ती हसेल. ती बोंबील बांधायची थांबली.

“एकनाथ बोलत होता आन तू वाजवलीस?”

“अगं, नियमच आहे तो.”

“होडीवर असा नियम नाय. होडीवर कोनी ‘थांब’ बोल्ला, का आदी इंजिन बंद. मंग तो खोटा निगाला तर मागून हसा किती हसायचं ते. पन आदी बंद.”

होडी वेगळी आणि टीम वेगळी, हे मी तिला समजावलं. तिने पिशवीभर बोंबील दिले आणि म्हणाली, यातले एकनाथच्या घरी देऊन ये. उशीर झाला होता, राहून गेलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पाव हिश्शाने उत्पादन वाढलं! मी धीरजला आकडा तीनदा विचारला. गेल्या आठवड्यात फक्त चार नंबरवर करून पाहिलं होतं, उद्यापासून तो सहाही प्रेसवर लावणार आहे. प्रदीप सर स्वतः माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, “मानलं.” दोन वर्षांत पहिल्यांदा.

सुकाला महिन्याच्या सर्वोत्तम कल्पनेचं बक्षीस दिलं, भिंतीवरचं घड्याळ. तो इतका बावरला की घड्याळ उलटं धरलं. फोटोत कल्पना कळावी म्हणून मी त्याला डावा हात वर करायला सांगितला. पाचही बोटं पसरून उभा आहे, शेजारी मी, मागे चार नंबरची प्रेस. फोटो नोटीस बोर्डावर लावला. ठकी जेवणाच्या सुट्टीत दोनदा येऊन बघून गेली.

एकनाथकाका प्रेसपाशी उभे होते. मी हात केला. त्यांनी दिसलं नाही असं केलं. रुसलेत अजून.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सुकाची तीन बोटं गेली.

डावा हात.

अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. मी ऑफिसात पुढच्या बैठकीचा तक्ता रंगवत होते. किंचाळी ऐकली ती ठकीची होती, सुकाचा आवाजच आला नाही. मी धावले. पिवळ्या पट्टीपाशी माझे पाय थांबले, आत जाईनात. एकनाथकाकांनी मेन स्विच पाडला, सहाही प्रेस एकदम गप्प झाल्या. खांद्यावरच्या टॉवेलने त्यांनी सुकाचं मनगट आवळलं आणि धीरजवर ओरडले, गाडी आण. सुका स्टुलावर बसला होता आणि स्वतःच्या हाताकडे असा बघत होता, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. मला म्हणाला, “मॅडम, झाकान खराब झाला.”

झाकण खराब झालं म्हणाला तो. माझ्या कानातून जात नाही.

बोईसरला पट्टी करून वापीला नेलं. मी रिकाम्या प्रेससमोर उभी राहिले. पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिली. दोन हिरवी बटणं. मधे दोन हातांचं अंतर. डाव्या बटणावर काळी ट्यूब घट्ट बसलेली. मी तिच्याकडे किती वेळ बघत होते, माहीत नाही. मनात एक गोष्ट येतेय, ती मी आज लिहिणार नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी पोचले तर सहाही प्रेसवरच्या ट्यूबा गायब. नोटीस बोर्डावरचा फोटो गायब. चार टाचण्या तेवढ्या राहिल्या होत्या.

प्रदीप सरांनी बोलावलं. दार लावून घेतलं. “कारखाना निरीक्षक येणार. त्याच्या आधी तुझा अहवाल हवा. तुझे ते काटे, ती ‘का, का’ची प्रश्नावली, सगळं वापर. छान दिसतं ते. फक्त उत्तर एवढंच यायला हवं, की कामगाराने सुरक्षेचं बटण स्वतः बांधलं. निष्काळजीपणा.”

‘सुरक्षेचं बटण.’ त्यांना माहीत होतं! मी विचारलं, सर, तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं? ते म्हणाले, “पंचवीस वर्षं कारखान्यात आहे मी, दीपाली. तुला माहीत नव्हतं?”

मला खरंच माहीत नव्हतं. आणि हे वाक्य मी कोणापुढे म्हणू? कंपनीत सुरक्षेच्या प्रशिक्षणाच्या कागदांवर सही माझी असते.

सुकाच्या नावावर दोष गेला तर त्याची नोकरी जाणार आणि भरपाईत शंभर अडचणी निघणार. हे सरांनी सांगितलं नाही; “तुझ्या त्या योजनेचं नाव मधे आलं नाही तर तुझ्याच फायद्याचं,” एवढं सांगितलं.

माझा धीर होत नाही. हेच खरं आहे, तर हेच लिहून ठेवते.

१ मार्च, शनिवार

सालवडला गेले. जाताना सफरचंदं घेतली, आणि ती हातात घेऊन दारात उभं राहताना स्वतःचीच लाज वाटली. खोली एवढीशी. समोरच्या भिंतीवर घड्याळ, चालू.

सुका खाली सतरंजीवर बसला होता. हात गळ्यात अडकवलेला, पांढरा गोळा नुसता. मला बघून उठायला लागला. मी म्हटलं, बस रे, बस.

“होळीला गावी जाऊन घराचा कूड बांदायचा होता,” तो म्हणाला. “दोर वळाय डावाच लागतो.”

रडला नाही तो. मीच रडले. ठकीने पाणी दिलं, सुकाकडे बघितलं, आणि मग हळूच म्हणाली, “मॅडम, घड्याल परत करायचा काय?”

मला समजेना. “का गं?”

“सायेबांचा मानूस आलेला. बोल्ला, चूक तुमचीच हाय, कागदावर अंगठा द्या. मंग चुकीचा बक्षीस कसा ठेवायचा आमी?” आणि ती खरोखर स्टूल घेऊन भिंतीपाशी गेली. मी तिचा हात धरला. तिच्या कपाळावर आठी नव्हती, राग नव्हता. तिला फक्त बरोबर काय ते जाणून घ्यायचं होतं.

अंगठा दिलात का, विचारलं. सुका म्हणाला, “ही बोल्ली, आदी मॅडमला इचारू.”

मला विचारणार होते ते. माझ्यावर विश्वास ठेवून! त्या खोलीतून मी कशी बाहेर आले, ते माझं मलाच आठवत नाही.

३ मार्च, सोमवार

अहवालासाठी बैठक घ्यायलाच लागणार होती. घंटी कपाटात टाकली. बावीस माणसं बसली होती, ठकीसुद्धा आली. कोणी तोंड उघडेना. काय झालं विचारलं तर सगळे जमिनीकडे बघत. धीरज म्हणाला, “सगळ्यांनी काय ते मनातच ठेवलंय, मॅडम.”

मग मला शिबिरातली एक युक्ती आठवली. प्रश्न सुटत नसेल तर उलटा करून विचारायचा. मी म्हटलं, “असं धरा, आपल्याला अजून एकाचा हात घालवायचाच आहे. नक्की जायला हवा. तर काय काय करायचं?”

मग मागून कोणीतरी म्हणालं, “एक बटन बांदायचं.” “सहा प्रेसला बांदायचं,” दुसरा म्हणाला. “आकडा वाढला का टाळ्या वाजवायच्या.” कोणी हिंदीत म्हणालं, नया आदमी आए तो उसको बताने का नहीं की बटन किसलिए है. “बक्षीस देयाचं.” “फोटो लावायचा.” मी एकेक फळ्यावर लिहीत होते. धीरज भिंतीला टेकून उभा होता, तो एकदम म्हणाला, “सुपरवायझरने गप्प बसायचं. मॅडमने बक्षीस दिलं, सर खूश आहेत, मग आपण कशाला बोला.” आणि त्याने चेहरा फिरवला.

मला वाटलं, संपलं. यापेक्षा जास्त काय असणार? बक्षीस दिलं ही माझी चूक, ती मला सालवडलाच कळली होती.

तेवढ्यात ठकी उभी राहिली. पॅकिंगचा पांढरा फडका हातात होता, त्याची घडी घालत घालत ती म्हणाली, “ज्याला म्हाईत हाय, त्याला गायाला लावायचं.”

खडू माझ्या हातातून पडला. त्या खोलीतलं एकही माणूस माझ्याकडे बघत नव्हतं. सगळे एकनाथकाकांकडे बघत होते. म्हणजे तीन आठवडे हे सगळ्यांना कळत होतं. सगळ्यांना! काका बदलाला बिचकले नव्हते. रुसलेही नव्हते. एक माणूस माझ्यासमोर उभा राहून दोनदा सांगायला लागला आणि मी दोनदा घंटी वाजवली. आणि आईने अंगणात बसल्या बसल्या हेच सांगितलं, तर मी तिला टीम म्हणजे काय ते शिकवायला निघाले.

शेवटचं वाक्य मी फळ्यावर लिहिलं. खडू उचलून, ठकीच्या शब्दांत.

४ मार्च, मंगळवार

अहवाल लिहिला. ‘का’ची साखळी जशी शिकले तशीच वापरली, कुठेही वळवली नाही. बोटं का गेली? हात प्रेसखाली असताना ती खाली आली. का आली? एक बटण बांधलेलं होतं. का बांधलं? कंपनीने ती पद्धत सहाही प्रेसवर लावली. का लावली? तिला बक्षीस मिळालं. बक्षीस का मिळालं? धोका सांगणाऱ्या माणसाला बोलू दिलं नाही. शिबिरात पाचच ‘का’ शिकवले होते. त्याखाली मी सहावा प्रश्न लिहिला, ‘कोणी?’ आणि माझं पूर्ण नाव घातलं: दीपाली जमना मेहेर. आईचं नाव मी कधी लिहीत नाही. आज लिहावंसं वाटलं.

सोबत वहीची पानं जोडली. बोर्डावरून काढलेला फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता, तोही जोडला.

प्रदीप सरांनी वाचला. “तुला कळतंय का, तू काय लिहिलंयस? त्याला वाचवायला स्वतःचा गळा कापतेयस.”

“सर, तुम्हाला ते बटण कशासाठी आहे हे माहीत होतं. मला ‘मानलं’ म्हणालात.”

अहवाल त्यांनी खणात टाकून कुलूप लावलं. मला वाटलंच होतं. दुसरी प्रत माझ्या पिशवीत होती, बोंबलाच्या पुड्याखाली.

६ मार्च, गुरुवार

निरीक्षक आले. सरांनी त्यांच्यापुढे दोन पानांचा कागद सरकवला, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. मी पिशवीतून माझी प्रत काढली. पानांना वास येत होता, साहेबांनी नाक मुरडलं, पण वाचायला लागले. फोटोपाशी आले आणि थांबले. पाच बोटं पसरून उभा असलेला सुका, घड्याळ, मी. मग सरांना म्हणाले, “बक्षीस देता आणि वर दोष त्याचाच? हे कामगारावर जाणार नाही. तसं मी लिहिणार.” मग माझ्याकडे वळले. “तुमचंही नाव येईल, मॅडम.” मी हो म्हटलं.

लेखी यायला वेळ लागेल. पण सुकाला कामावर ठेवावं लागणार, हलकं काम द्यावं लागणार, हे सरांनी साहेबांसमोर कबूल केलं. ठकीला पॅकिंगमध्ये जाऊन सांगितलं, घड्याळ तिथेच राहू दे आणि कुठल्याही कागदावर अंगठा द्यायचा नाही. तिने मान डोलावली आणि परत खोके भरायला लागली.

मला निर्णय होईपर्यंत घरी बसायला सांगितलंय. टेबल, कपाट आवरलं. घंटी सापडली, ती कचऱ्यात टाकणार होते, मग पिशवीत टाकली.

निघताना पिवळ्या पट्टीच्या आत गेले. काकांनी सहाही प्रेसच्या बटणांवर लोखंडी टोप्या बसवल्या होत्या, वरून बोट जाईल पण काही बांधता येणार नाही अशा. भिंतीवर खडूने लिहिलं होतं, कोणीही ‘थांब’ म्हणाला तर आधी मेन बंद. मी आईच्या बोंबलाचा पुडा त्यांच्या हातात दिला, एक महिना उशिरा.

“काका, त्या दिवशी तुम्ही काय सांगणार होतात?”

“आता कशाला, पोरी?”

“मला ऐकायचंय. पूर्ण.”

त्यांनी हात पुसले. प्रेसकडे बघत, बैठकीत उभे होते तसेच सरळ उभे राहून म्हणाले, “पण मॅडम, ती दोन बटनं दोनी हात भायेर ऱ्हावे म्हनून हाय. एक बांदला, तर एक हात जाईल.”

वेळ टिपायची सवय जात नाही. मोबाइलवर पाहिलं. सात सेकंद लागले.

गाणं तीन मिनिटं चाललं होतं.